पक्ष काढले, पक्ष सोडले, पक्ष मोडला

तुमच्यापैकी ज्यांनी पॉलिटिकल सायन्स घेतलंय, त्यांनी एक तक्ता नक्की पाठ केला असेल. एकपक्ष पद्धती, द्विपक्ष पद्धती, बहुपक्ष पद्धती. पहिल्या रकान्यात रशिया आणि चीन, दुसऱ्यात अमेरिका आणि इंग्लंड, तिसऱ्यात जर्मनी, फ्रान्स, इटली आणि आपण. प्रत्येकाचे चार गुण, चार दोष, शेवटी दोन ओळींचं मूल्यमापन. झाले दहा मार्क. मीही असाच पाठ केला होता आणि परीक्षा संपल्यावर तितक्याच तत्परतेनं विसरलोही होतो.

खूप नंतर कळलं, की या तक्त्यातल्या बहुतेक रकान्यांमध्ये एक भारतीय माणूस प्रत्यक्ष राहून आला होता. नुसता राहून नव्हे. कुठे पक्ष काढून, कुठे पक्षातून हाकलला जाऊन, कुठे पक्षांच्या भांडणात सापडून. आणि शेवटी त्यानं स्वतःचाच पक्ष स्वतःच्या हातानं मोडला. मानवेंद्रनाथ रॉय. पुस्तकात त्यांच्यावर एखादी टीप असते, ‘नवमानवतावादाचे प्रवर्तक’ वगैरे. टीप बाजूला ठेवा. माणूस टिपेत मावणारा नव्हता.

मुळात ते रॉय नव्हतेच. २१ मार्च १८८७ रोजी बंगालमधल्या चोवीस परगणा जिल्ह्यात जन्मलेला हा नरेंद्रनाथ भट्टाचार्य, पुरोहिताच्या घराण्यातला मुलगा. तुमच्या वयाचा असताना तो क्रांतिकारकांच्या गुप्त गटात होता. विशीच्या आसपास चांगडीपोता रेल्वे स्टेशनवरच्या दरोड्यात पोलिसांनी त्याला संशयित म्हणून पकडलं होतं. या गुप्त गटांना पक्ष म्हणता येणार नाही. सभासद फी नाही, ठराव नाहीत, निवडणूक तर नाहीच. होता तो एक ‘दादा’. निष्ठा दादावर. नरेनचे दादा म्हणजे जतींद्रनाथ मुखर्जी, वाघाशी झुंजले म्हणून बाघा जतीन. (दादावरच्या निष्ठेवर चालणारं राजकारण म्हटल्यावर तुम्हाला हसू आलं असेल, तर ते माझ्यावर ढकलू नका.)

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मनीकडून शस्त्रं मिळतील अशी आशा निर्माण झाली. ती आणायला १९१५ मध्ये नरेन बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेला. शस्त्रं आलीच नाहीत. जतीनदा बालासोरजवळच्या चकमकीत जबर जखमी होऊन गेले. नरेन शस्त्रं शोधत जपान, चीन करत जून १९१६ मध्ये थेट सॅन फ्रान्सिस्कोला उतरला, ख्रिस्ती पाद्र्याच्या वेषात. तिथून जवळच्या पालो अल्टोमध्ये त्यानं नाव बदललं. भट्टाचार्य गेला, एम. एन. रॉय आला. स्टॅनफर्डमध्ये शिकलेली एव्हलिन ट्रेंट त्याला तिथेच भेटली. पुढे दोघांनी लग्न केलं.

आता तक्त्याकडे या. १९१६ हे अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष होतं. विल्सन विरुद्ध ह्यूज. डेमोक्रॅट विरुद्ध रिपब्लिकन. पण तेव्हा अमेरिकेत समाजवादी पक्षही होता आणि तो अगदीच चिल्लर नव्हता. १९१२ मध्ये त्याचा उमेदवार यूजीन डेब्स याला नऊ लाखांवर मतं पडली होती, एकूण मतांच्या सहा टक्के. अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात त्याला मिळालेल्या जागा किती? शून्य. ज्याला राज्यात सर्वांत जास्त मतं, त्याच्या पदरात त्या राज्याचं माप. उरलेल्यांची मतं वाऱ्यावर. हे गणित दोनदा-तीनदा सोसलं की मतदार तिसऱ्याच्या वाटेला जात नाहीत. पुढे १९५१ मध्ये मोरीस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकानं हेच नियमासारखं मांडलं. एका फेरीत, सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो तिथे दोन पक्ष उरण्याकडे कल असतो आणि मतांच्या प्रमाणात जागा मिळतात तिथे पक्षांची संख्या वाढते. तुमच्या सिलॅबसमधला ‘द्युव्हर्जेचा नियम’ तो हाच.

रॉय मात्र त्या वेळी निवडणूक पाहण्यापेक्षा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मार्क्स वाचण्यात गुंतले होते. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, जर्मनीशी संबंध असलेल्या भारतीयांची धरपकड सुरू झाली, रॉयही पकडले गेले. सुटका होताच एव्हलिनसह सीमा ओलांडून मेक्सिको.

मेक्सिकोत क्रांती चालू होती. सेनापती होते, त्यांची सैन्यं होती, राष्ट्राध्यक्ष करांझा होते. पक्ष म्हणावा असं फारसं काही नव्हतं. ज्याच्यामागे बंदुका जास्त, त्याचं सरकार. रॉय स्पॅनिश शिकले, समाजवाद्यांच्या छोट्या गटात मिसळले. त्यांच्याकडे क्रांतीसाठी मिळालेला जर्मन पैसा होता, तोही कामी आला. १९१९ मध्ये मॉस्कोचा दूत मिखाईल बोरोदिन तिथे पोहोचला. बोरोदिन हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. त्याच वर्षी त्या गटाचा कम्युनिस्ट पक्ष झाला, रशियाबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या कम्युनिस्ट पक्षांपैकी एक. म्हणजे बंगालचा ब्राह्मण, अमेरिकेतून पळालेला, मेक्सिकोच्या पक्षाच्या संस्थापकांमध्ये. आपण एका शहरातून दुसऱ्या शहरात कॉलेज बदललं तरी सहा महिने गोंधळलेले असतो.

१९२० साली मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनलचं दुसरं अधिवेशन भरलं. मेक्सिकोचे प्रतिनिधी म्हणून रॉय गेले आणि थेट लेनिनशी मतभेद मांडून बसले. वसाहतींमधल्या राष्ट्रीय चळवळींना, म्हणजे आपल्या काँग्रेससारख्यांना, कम्युनिस्टांनी पाठिंबा द्यावा असं लेनिन यांचं मत. त्यांच्या नेत्यांवर फार विसंबू नये, कामगार-शेतकऱ्यांची संघटना स्वतंत्र उभारावी, असं रॉय यांचं. रॉय ३३ वर्षांचे. लेनिननं त्यांना गप्प बसवलं नाही. त्यांचं म्हणणं लेखी मागितलं, आणि दोघांचे मसुदे दुरुस्त्यांसह मंजूर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ताश्कंदमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली. सभासद किती, ठाऊक आहे? सात. त्यात रॉय आणि एव्हलिन हे दोघं घरचेच.

ही मोकळीक फार टिकली नाही. मार्च १९२१ मध्ये रशियन पक्षाच्या दहाव्या काँग्रेसनं पक्षात गट करण्यावर बंदी घातली. देशात दुसरा पक्ष जवळपास उरला नव्हताच. आता पक्षाच्या पोटातही वेगळं मत संघटित करायचं नाही असं ठरलं. तुमच्या तक्त्यात एकपक्ष पद्धतीचा दोष म्हणून जे लिहिलेलं असतं त्यात ही गोष्ट सहसा नसते, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. देशात पक्ष एकच असेल तर निदान त्याच्या आत तरी वाद होऊ शकतो. तो दरवाजाही बंद झाला की वरचा माणूस म्हणेल तेच. रॉय यांना याचा त्रास तेव्हा झाला असं दिसत नाही. ते वर चढत होते. ट्रॉट्स्कीला बाजूला सारलं जात होतं तेव्हा ते स्टालिनच्या बाजूचेच होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

१९२७ मध्ये स्टालिननं त्यांना चीनला पाठवलं. तिथे बोरोदिन आधीच हजर! त्याच्याच सल्ल्यानं कुओमिंतांग या चिनी राष्ट्रवादी पक्षाची १९२४ मध्ये रशियन धर्तीवर फेरबांधणी झाली होती. म्हणजे चीनमध्ये गंमत अशी होती, की राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट यांचे विचार एकमेकांच्या उलट, पण सांगाडा एकाच साच्यातला. वरून आज्ञा, खाली पालन, सोबत सैन्य. अशा दोन पक्षांची युती फार काळ टिकणं कठीणच होतं. एप्रिलमध्ये च्यांग कै-शेकनं शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केली. तरी वुहानमध्ये कुओमिंतांगचा डावा गट अजून सोबत होता. जूनमध्ये स्टालिनची तार आली. जमिनी ताब्यात घ्या, वेगळं सैन्य उभारा, असा मजकूर. रॉय यांनी काय करावं? ती तार कुओमिंतांगचे नेते वांग चिंग-वेई यांना दाखवली! विश्वास बसावा म्हणून. वांग यांनी वाचली आणि युती मोडण्याकडे पावलं टाकली. रॉय यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी चूक असं बरेच अभ्यासक म्हणतात. मला त्यांची कीवही येते. माणसं पटवून देण्यानं बदलतात यावर त्यांचा भाबडा म्हणावा इतका विश्वास होता आणि ज्या यंत्रात ते होते त्यात पटवून देण्याची सोयच नव्हती.

मग बर्लिन. इथे तक्त्याचा तिसरा रकाना. जर्मनीत तेव्हा साठ हजार मतांमागे एक जागा असा जवळजवळ शुद्ध प्रमाणशीर हिशेब होता. डेब्सची मतं इथे पडती तर वाया गेली नसती. पण संसदेत पक्षांची जत्रा, सरकार टिकेना. १९२८ मध्ये नाझींना १२ जागा होत्या, सप्टेंबर १९३० मध्ये १०७ झाल्या. आणि मॉस्कोचा हुकूम काय? जर्मन कम्युनिस्टांनी मुख्य शत्रू मानायचा तो समाजवादी लोकशाहीवाद्यांना. रॉय आणि ब्रँडलर, थालहायमर यांसारखे त्यांचे जर्मन सहकारी याला विरोध करत होते. दोन्ही कामगार पक्षांनी नाझींविरुद्ध एकत्र यावं असं त्यांचं म्हणणं होतं. अशा लेखनाबद्दल १९२९ मध्ये रॉय यांना इंटरनॅशनलमधून काढून टाकलं. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत समाजवाद्यांना १२१ आणि कम्युनिस्टांना १०० जागा मिळाल्या, नाझींना १९६. बेरीज तुम्हीच करा. तीन महिन्यांच्या आत हिटलर चॅन्सेलर झाला आणि १९३३ च्या जुलैपर्यंत जर्मनीत एकच पक्ष कायदेशीर उरला. तक्त्यात तिसऱ्या रकान्यातून पहिल्या रकान्यात जायला सहा महिनेही पुरतात, ते असे.

गंमत बघा. ज्या १९२९ मध्ये रॉय हाकलले गेले त्याच वर्षी मेक्सिकोत सेनापतींच्या भांडणाला कंटाळून माजी अध्यक्ष काय्येस यांनी सगळ्यांना एका छत्राखाली आणणारा पक्ष काढला. नावं बदलत तो पक्ष २००० सालापर्यंत, म्हणजे ७१ वर्षं सत्तेवर राहिला. निवडणुका होत, विरोधी पक्षही असत. पण मावळता अध्यक्ष ज्याच्याकडे बोट दाखवी तो पुढचा अध्यक्ष. या बोट दाखवण्याला तिथे शब्दच आहे, ‘देदासो’. आता सांगा, मेक्सिको कुठल्या रकान्यात लिहाल?

१९३० च्या डिसेंबरात रॉय नाव बदलून भारतात आले. सात महिन्यांनी मुंबईत पकडले गेले, शिक्षा झाली, सुटले ते नोव्हेंबर १९३६ मध्ये. जर्मनीत जे घडलं ते त्यांना तुरुंगात कळलं. सुटल्यावर महिन्याभरात ते खानदेशात फैजपूरला होते! खेडेगावात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सोळा वर्षांपूर्वी काँग्रेसवर विसंबू नका म्हणणारा माणूस आता काँग्रेसमध्ये. त्यांना काँग्रेसची ताकद दिसत होती: गावोगाव सभासद, प्राथमिक समित्या. या समित्यांनी खालून वर निर्णय घ्यावेत एवढंच त्यांचं मागणं. प्रत्यक्षात निर्णय वरून खाली येत. १९३९ मध्ये सुभाषबाबू निवडून येऊनही कार्यकारिणीशी जमेना म्हणून राजीनामा देते झाले, ते सगळ्यांनी पाहिलं. १९४० मध्ये रॉय स्वतः मौलाना आझादांविरुद्ध अध्यक्षपदाला उभे राहिले आणि सपाटून हरले.

मग काँग्रेस सोडली आणि डिसेंबर १९४० मध्ये मुंबईत रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष काढला. हिटलर हा पहिला शत्रू, म्हणून युद्धात ब्रिटिशांना मदत करायची, ‘चले जाव’ला विरोध करायचा, ही त्यांची भूमिका. त्यांच्या कामगार संघटनेला सरकारकडून महिन्याला १३,००० रुपये मिळत आणि ते उघड झाल्यावर देशद्रोहाचा शिक्का बसला. बर्लिन पाहून आलेल्या माणसाला फॅसिझमची भीती जास्त वाटली हे मी समजू शकतो. तुरुंगात गेलेल्या हजारो तरुणांना ते पटणार नव्हतं, हेही तितकंच खरं. १९४६ च्या निवडणुकीत पक्षाचा धुव्वा उडाला.

इथे बहुतेक पुढारी काय करतात? विलीन होतात, नाहीतर चिन्ह बदलतात. रॉय विचार करत बसले. गुप्त गट पाहिला, कम्युनिस्ट पक्ष पाहिला, कुओमिंतांग, जर्मन पक्ष, काँग्रेस आणि आता स्वतःचा पक्ष. विचार वेगळे, देश वेगळे, मतदानाच्या पद्धती वेगळ्या. समान काय? मूठभर माणसं धोरण ठरवतात, उमेदवार ठरवतात, बाकीचे सभासद माना डोलावतात आणि मतदारानं त्यातून एक निवडायचा. सत्ता मिळवायची असेल तर असं करावंच लागतं, म्हणून दोष पुढाऱ्यांच्या स्वभावात नाही, सत्तेसाठी केलेल्या बांधणीतच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. १९४४ च्या अखेरीस त्यांच्या पक्षानं स्वतंत्र भारतासाठी राज्यघटनेचा मसुदा मंजूर केला होता. त्यात गावोगावच्या लोकसमित्या पाया होत्या. उमेदवार त्यांनी सुचवायचे, प्रतिनिधी नीट वागला नाही तर परत बोलवायचा. पण समित्या आल्या तर पक्ष कशाला? डिसेंबर १९४८ मध्ये कोलकात्यात अधिवेशन भरवून पक्ष विसर्जित केला. सात जणांत पक्ष काढणारा माणूस, हजारोंचा पक्ष मोडून मोकळा झाला.

महाराष्ट्रात त्यांना मानणारे बरेच होते. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, सासवडचे वि. म. तारकुंडे. तारकुंडे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १९७० च्या दशकात जयप्रकाशांबरोबर नागरी हक्कांच्या संघटना उभ्या करत होते. जयप्रकाशांच्या पक्षविरहित लोकशाहीच्या कल्पनेवरही रॉय यांची छाप होती.

मला विचाराल तर रॉय यांचं निदान बरोबर, औषध जालीम. पक्ष नाहीसा झाला म्हणून मूठभर नाहीसे होत नाहीत; करांझांच्या मेक्सिकोत पक्ष नव्हते तेव्हा सेनापती होते. इतर देशांनी वेगळे उपाय केले. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एकेका राज्यानं पक्षाचा उमेदवार मतदारांकडूनच निवडून घ्यायला सुरुवात केली. त्यानं पुढाऱ्यांची पकड सैल झाली, पैसेवाल्यांची वाढली. हिटलरकडून पोळलेल्या जर्मनीनं १९४९ च्या घटनेतच लिहून ठेवलं, की पक्षाची आतली रचना लोकशाही तत्त्वांना धरून हवी. पुढे कायद्यानं उमेदवार निवडताना गुप्त मतदान सक्तीचं केलं. आपल्या घटनेत राजकीय पक्ष हा शब्द आला तो १९८५ मध्ये, पक्षांतराला आळा घालण्यासाठी. म्हणजे आमदारानं पक्षाचं ऐकलं पाहिजे हे लिहिलंय. पक्षानं सभासदांचं ऐकलं पाहिजे हे नाही. पुढच्या निवडणुकीत तिकीटवाटपाच्या रात्री बंगल्याबाहेर ताटकळणारे इच्छुक टीव्हीवर दिसतील, तेव्हा हे आठवून बघा.

पहिली सार्वत्रिक निवडणूक रॉय यांनी देहरादूनच्या मोहिनी रोडवरच्या घरातून पाहिली. काँग्रेसला ४५ टक्के मतं आणि ४८९ पैकी ३६४ जागा. द्युव्हर्जेचं पुस्तक नुकतंच आलं होतं. १९५२ च्या उन्हाळ्यात मसुरीला फिरताना ते खोल दरीच्या कडेवरून घसरले, त्यातून सावरतात तोच मेंदूचा विकार झाला. तशा अवस्थेतही ते आपल्या साप्ताहिकासाठी आठवणी देत होते. जकार्ता, सॅन फ्रान्सिस्को, मेक्सिको, मॉस्को, ताश्कंद. २५ जानेवारी १९५४ ला ते गेले, तेव्हा आठवणी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच आल्या होत्या. चीनची ती तार, बर्लिन आणि पक्षातून हकालपट्टी लिहायची राहूनच गेली.